आईच्या वहीतला बाथ आणि इतर: घरच्या बेकिंगच्या पाककृती व्हीगन कशा कराव्यात

आमच्या फोंड्याच्या घरी आईची एक जुनी वही आहे. तिच्यातल्या बाथच्या पानावर लोण्याचा डाग पसरलेला आहे आणि त्या डागाखाली ‘रवा दोन पेले, नारळ एक मोठा, अंडी तीन, लोणी हाताला लागेल तेवढे’ असे लिहिलेले आहे. आई मडगावात लहानाची मोठी झाली. तिथे शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या मावशींकडून ती हा रव्या-नारळाचा केक शिकली आणि पुढे आमच्या घरीही नाताळच्या दिवसांत आणि मुलांच्या वाढदिवसाला तोच होऊ लागला. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलीने दूध, तूप, अंडी आणि मध सोडले, तेव्हा ‘आई, बाथ मात्र मला हवा’ एवढीच एक मागणी तिने केली होती.

तेव्हापासून मी वहीतले एकेक पान हाती घेत आले आहे. काही पाककृती पहिल्याच खेपेस जमल्या, काहींसाठी पाच-सहा वेळा ओव्हन तापवावा लागला. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. ‘अंड्याऐवजी काय घालायचे?’ हा प्रश्न अपुरा आहे. या पाककृतीत अंडे नेमके कोणते काम करत होते, लोणी कोणते आणि दूध कोणते, हे आधी ओळखावे लागते. मग ते काम कोणावर सोपवायचे हे ठरवता येते, आणि गोव्यात तरी बहुतेक वेळा ते नारळावर सोपवता येते.

अंड्याविना म्हणजे व्हीगन नव्हे

आपल्या हिंदू घरांत अंड्याविना केक ही काही नवलाई नाही. चतुर्थीच्या दिवसांत किंवा घरात पूजा असताना अंडे आणले जात नाही, त्यामुळे दही आणि सोडा घातलेला रव्याचा केक अनेक घरांत वर्षानुवर्षे होत आला आहे. पण अंडे काढताना आपण त्याच्या जागी दही, साय, कंडेन्स्ड मिल्क असे काही ना काही घालतो, म्हणजे केकमधले दूध उलट वाढते. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला तो याच कारणाने, कारण दूध आणि अंडीही न घेणाऱ्या शाकाहारी माणसांसाठी तोवर वेगळा शब्द नव्हता.

घरच्या माणसासाठी पाककृती बदलणे हे नव्या काळाचे खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांना मी आल्फ्रेड बर्ड यांची हकिगत सांगते. बर्मिंगहॅमच्या या रसायनतज्ज्ञाच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये मक्याच्या पिठाची, अंडे नसलेली कस्टर्ड पावडर तयार केली. तिला यीस्टही चालत नसे, म्हणून १८४३ मध्ये त्यांनी बेकिंग पावडर बनवली. आज आपल्या फळीवर असलेल्या दोन डब्यांचे मूळ अशा रीतीने एका घरच्या पथ्यात आहे.

आणि आपली तवसळी तर त्याहून जवळची. पिकलेल्या तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, कीस, रवा, गूळ, खवलेला नारळ, वेलची आणि मीठ, एवढ्यावर आजीच्या पिढीने खाली चूल आणि झाकणावर निखारे ठेवून केक भाजले आहेत. भांड्याला तुपाऐवजी खोबरेल लावले की तवसळीत बदलण्यासारखे काहीच उरत नाही. ज्यांना व्हीगन बेकिंगची भीती वाटते, त्यांनी पहिला हात तवसळीवर बसवावा असे माझे मत आहे, कारण अंडे आणि दूध नसताना पीठ कसे दिसते, किती घट्ट असते आणि सुरी स्वच्छ बाहेर येण्याआधी कडा कशा सुटतात, हे तिच्यात नीट पाहता येते.

आधी मूळ पदार्थ, वजनकाट्यावर

जुन्या वह्यांत माप हे हाताचे असते: लिंबाएवढे लोणी, मूठभर साखर, अंदाजाने रस, म्हणजे नारळाचे दूध. बदल करण्याआधी मूळ पाककृती एकदा जशीच्या तशी करावी, ती शक्यतो ज्या हातांची आहे त्या हातांकडून करवून घ्यावी, आणि प्रत्येक गोष्ट भांड्यात पडण्याआधी वजनकाट्यावर ठेवावी. आई बाथ करत होती तेव्हा मी शेजारी उभी राहून हेच केले. तिचे ‘दोन पेले’ २५० ग्रॅम निघाले, आणि ‘हाताला लागेल तेवढे’ लोणी १३० ग्रॅम. पीठ पळीतून कसे पडते याचा फोनवर छोटा व्हिडिओही काढून ठेवावा. शब्दांत न सापडणारा घट्टपणा त्यात सापडतो आणि पुढे नवे पीठ त्याच्याशी ताडून पाहता येते.

दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अंडी, लोणी आणि दूध एकाच दिवशी बदलले आणि केक बसला, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही. मी आधी दूध बदलते, कारण ते सर्वांत सोपे आहे, मग लोणी, आणि अंडे शेवटी.

अंडे काय काय करते

सालाविना एक अंडे साधारण ५० ग्रॅम भरते आणि त्यातले तीन चतुर्थांश पाणी असते. म्हणजे तीन अंडी काढली की पिठातून शंभर मिलिलिटरहून जास्त ओलावा निघून जातो, आणि अंड्याविना केक कोरडा होतो तो बहुधा हे पाणी परत द्यायला विसरल्यामुळे. दुसरे काम बांधणीचे. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान अंड्यातली प्रथिने घट्ट होतात आणि केकचा सांगाडा धरून ठेवतात. तिसरे काम फुगवण्याचे, कारण फेटलेल्या अंड्यात हवा अडकते. चौथे काम बलकाचे. त्यातल्या लेसिथिनमुळे तेल आणि पाणी एकजीव राहतात. पाचवे म्हणजे रंग आणि चव.

प्रत्येक पाककृतीत ही पाचही कामे सारखी महत्त्वाची नसतात. पाव किलो पिठाला एकच अंडे असेल तर ते सरळ काढावे आणि तेवढाच पातळ पदार्थ वाढवावा. फरक कळत नाही. दोन-तीन अंडी असतील तर कामे वाटून देता येतात. केवळ अंड्यांच्या फेसावर उभा असलेला स्पंज केक मात्र याच मार्गाने व्हीगन करू पाहू नये, त्यात साहित्य आणि मन दोन्ही खर्ची पडतात. त्यासाठी मुळातच तेल, सोडा आणि आंबट पदार्थ यांच्यावर रचलेली वेगळी पाककृती घ्यावी.

फुगवण्याचे काम सोडा आणि आंबट पदार्थ उत्तम करतात, आणि इथे गोव्यातल्या स्वयंपाकघरात एक चांगली वस्तू आधीपासून आहे: माडाची सूर आंबवून केलेला व्हिनेगर. एका मोठ्या चमच्याला पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा पुरतो. सोडा कोरड्या पिठात चाळून घ्यावा, व्हिनेगर सर्वांत शेवटी घालावा, आठ-दहा वेळा हलक्या हाताने ढवळावे आणि भांडे लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवावे. ज्या क्षणी दोन्ही भेटतात त्या क्षणी बुडबुडे सुटू लागतात, आणि टेबलावर गेलेले प्रत्येक मिनिट केकच्या उंचीतून वजा होते.

बांधणीसाठी जवस चांगले. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटे ठेवली की अंड्यासारखी बुळबुळीत होते आणि एका अंड्याची जागा घेते. पण ती काळसर ठिपके सोडते आणि तिला धान्याची स्वतःची चव असते. म्हणून फ्रूट केक, गुळाचा केक, नाचणीची बिस्किटे यांत ती चालते, पांढऱ्या पदार्थात खटकते. पिकलेले केळेही बांधणी करते, पण ज्या केकमध्ये केळे जाते तो केळ्याचाच केक होतो, हे ध्यानात ठेवावे. हलकेपणा हवा असेल तर काबुली चण्यांचे शिजवलेले पाणी घ्यावे. २०१४-१५ च्या सुमारास फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी हे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेसते हे जगाला दाखवून दिले आणि त्याला ‘ॲक्वाफाबा’ हे नाव पडले. घरी चणे शिजवताना मीठ घालू नये, आणि उरलेले पाणी मंद आचेवर आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतके दाट करावे. असे तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडे. बलकाच्या स्निग्धपणासाठी मात्र माझा भरवसा भिजवून गंधासारख्या वाटलेल्या काजूवर आहे, त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळले की ते भाजताना घट्टही होते. यासाठी अख्खे काजू घेण्याची गरज नाही, बाजारात मिळणारा काजूचा तुकडा पुरे.

बाथ, अखेरीस जमला तो

पहिल्या वेळी मी तीन अंड्यांच्या जागी तीन चमचे जवस घातले. बाथ वरून सुरेख दिसला, पण कापला तेव्हा मध्यभाग सुरीला गोंदासारखा चिकटला, आणि मुलीने एक तुकडा घेऊन अर्धा बशीतच ठेवला. ती काही बोलली नाही, पण त्या अर्ध्या तुकड्याने मला विचार करायला लावला. बाथमध्ये रवा स्वतःच फुगून बांधणी करतो. तिथे आणखी बांधणीची गरजच नव्हती. गरज होती ती ओलाव्याची आणि थोड्या फुगण्याची.

आता मी असे करते. २५० ग्रॅम बारीक रवा कोरड्या कढईत रंग न बदलता, फक्त सुवास येईपर्यंत भाजून थंड करते. २०० ग्रॅम खवलेल्या नारळातला निम्मा नारळ ३५० मिलिलिटर जाड रसाबरोबर मिक्सरमध्ये भरड फिरवते आणि निम्मा तसाच ठेवते. नारळ ताजा आणि रस न काढलेला असावा. रस काढून उरलेला चोथा घातला तर केक भुशासारखा लागतो. मग २०० ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर खोबरेल, पाव चमचा मीठ आणि वेलची नारळात मिसळून साखर विरघळेपर्यंत ढवळते, त्यात रवा घालते आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. आईच्या पद्धतीतही पीठ रात्रभर मुरायचे, आणि व्हीगन बाथमध्ये तर ही पायरी अजिबात टाळू नये, कारण अंड्याचे काम रव्याला करायचे असते आणि त्याला त्यासाठी वेळ लागतो.

सकाळी पीठ तासभर बाहेर काढून ठेवावे. ते पळीतून गोळ्यासारखे पडत असेल तर दोन-तीन चमचे रस घालावा. ते सावकाश घसरत पडले पाहिजे, पण त्याची धार लागता कामा नये. मग ५० ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा एकत्र चाळून घालावेत आणि शेवटी एक मोठा चमचा माडाचा व्हिनेगर. आठ इंची टिनला खोबरेल लावून, तळाशी कागद घालून १७५ अंशांवर भाजावे आणि ५० मिनिटांनी सुरी घालून पाहावे. वरची पट्ट्यांची जाळी करायची असेल तर मैदा आणि खोबरेलाच्या घट्ट पिठाच्या पट्ट्या लावाव्यात. अंडे किंवा दूध फासून जो तांबूस रंग येतो तो चमचाभर जाड रसात गुळाचा लहान खडा विरघळवून फासला तरी येतो. टिनमधून काढण्याची घाई करू नये. अंडे नसलेला केक गरम असताना नाजूक असतो, आणि बाथ तर दुसऱ्या दिवशीच खरा चवीला येतो.

लोणी आणि तूप

लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेले बहुतेक पाणी. तूप आणि खोबरेल हे जवळजवळ पूर्णपणे स्निग्ध. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम खोबरेल आणि एक मोठा चमचा नारळाचा रस घ्यावा, आणि लोणी खारे असेल तर चिमूटभर मीठही. तुपाच्या जागी खोबरेल जवळजवळ वजनास वजन चालते. मी दहावा हिस्सा कमी घेते. नारळाच्या पदार्थात घाण्याचे सुवासिक तेल शोभते, पण चॉकलेटच्या किंवा व्हॅनिलाच्या केकमध्ये वास नसलेले, रिफाइंड केलेले खोबरेल वापरावे.

खरी अडचण तापमानाची आहे. खोबरेल साधारण २४ अंशांवर वितळते, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री सोडल्या तर गोव्यात ते बाटलीत पातळच असते. एका मे महिन्यात मी तेच पातळ तेल नानकटाईत घातले. गोळे ताटात छान वळले गेले, पण ओव्हनमध्ये दहा मिनिटांत सगळे पसरून एकमेकांत मिसळले आणि बाहेर आली ती एक सलग, ठिसूळ पोळी. नानकटाई खुसखुशीत होते ती स्निग्धांश थिजलेला असताना साखरेबरोबर फेसला जातो म्हणून. तेव्हापासून मी खोबरेल वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवते, दर दहा मिनिटांनी चमच्याने ढवळते आणि ते रवाळ साजूक तुपासारखे झाले की बाहेर काढते. ९० ग्रॅम असे खोबरेल आणि ९० ग्रॅम पिठीसाखर पांढरी होईपर्यंत फेसावी, मग १५० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम बेसन, २५ ग्रॅम बारीक रवा, चिमूटभर सोडा, वेलची आणि जायफळ घालून गोळे वळावेत, ते ताटासकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत आणि १६० अंशांवर अठरा-वीस मिनिटे भाजावेत. रंग फारसा बदलत नाही. कडा किंचित पिवळसर झाल्या की बाहेर काढावे.

एवढे करूनही कढवलेल्या तुपाचा जो खमंग वास असतो, तो साध्या खोबरेलातून येत नाही. त्यावर मला सापडलेला उपाय नारळातच आहे. दोन मोठ्या नारळांचा पहिला जाड रस काढून चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवावा, वर आलेली साय काढून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवावी आणि ढवळत राहावे. आधी ती पांढरी उकळते, मग फुटल्यासारखी दिसते, मग कडेने स्वच्छ तेल सुटू लागते आणि खाली बारीक कण राहतात. हे कण आधी मलईच्या रंगाचे, मग बदामी होतात आणि अगदी लोणी कढवताना यावा तसा सुवास स्वयंपाकघरात पसरतो. याच क्षणी आच बंद करावी, कारण कढईच्या उष्णतेने रंग आणखी एक पायरी पुढे जातो. दोडोल, म्हणजे तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि गूळ आटवून केलेली गोव्याची मिठाई, ढवळताना ज्यांनी कडेचे तेल सुटताना पाहिले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. माझ्याकडे दोन नारळांतून अर्ध्या वाटीच्या आसपास तेल निघते आणि खाली तुपासारखीच बेरी उरते. तेल नानकटाईला वापरावे आणि ती बेरी वाटून पिठात मिसळावी. बेरी टाकून देऊ नये, खमंगपणा तिच्यातच आहे.

दूध, दही, कंडेन्स्ड मिल्क

यात फारशी गुंतागुंत नाही. नारळाचा जाड रस गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक स्निग्ध असतो, म्हणून पाककृतीत दूध लिहिलेले असेल तिथे दुसरा पातळ रस वापरावा किंवा जाड रसात तिप्पट पाणी मिसळावे, नाहीतर केक तेलकट होतो. नारळाची चव नको असेल तर एक वाटी भिजवलेले काजू चार वाट्या पाण्यात वाटून त्याचे दूध करावे. दह्यासाठी हेच दूध कमी पाण्यात दाट करावे आणि वाटीभर दुधाला एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून दहा मिनिटे ठेवावे. कंडेन्स्ड मिल्कसाठी ४०० मिलिलिटर जाड रस आणि १३० ग्रॅम साखर मंद आचेवर पाऊण तासाच्या आसपास, जवळजवळ निम्मे होईपर्यंत आटवावे. थंड झाल्यावर ते आणखी दाटते, म्हणून थोडे सैल असतानाच उतरवावे.

बोलिन्हास, फ्रूट केक आणि बेबिंका

बोलिन्हास सोपी आहेत. नारळ आणि रव्याच्या या बिस्किटांत बलक बांधणी आणि रंग यांसाठी असतो, म्हणून दोन बलकांच्या जागी दोन मोठे चमचे काजूची घट्ट पेस्ट, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि हळदीचा अगदी सुईच्या टोकाएवढा कण पुरतो. साखरेचा पाक आणि नारळ शिजवून मिश्रण रात्रभर ठेवण्याची मूळ रीत तशीच पाळावी. नाताळचा फ्रूट केकही सोपा, कारण भिजवलेली फळे आणि जाळलेल्या साखरेचा पाक यांच्यापुढे बाकीच्या चवी मागे पडतात. तिथे जवस, संत्र्याचा रस आणि सोडा-व्हिनेगर यांवर काम भागते.

बेबिंका, आमच्याकडच्या बोलीतला बिबिंक, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. एका साच्याला दहा-दहा बलक, जाड रस, साखर, थोडा मैदा, जायफळ आणि प्रत्येक थरावर तूप, अशी तिची रचना. तिथे बलक हाच पदार्थाचा कणा आहे, बदलण्याजोगा एक घटक नव्हे. ५०० मिलिलिटर जाड रस, १५० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ५० ग्रॅम काजूची पेस्ट, २५० ग्रॅम साखर, त्यातली मूठभर जाळून केलेला कॅरामल, जायफळ, चिमूटभर हळद आणि चिमूटभर काळे मीठ असे मिश्रण गाळून मी वापरते. काळ्या मिठाच्या गंधकाच्या वासाने अंड्याची आठवण जागी होते, पण ते चिमटीपेक्षा जास्त झाले तर पदार्थ वाया जातो. साचा आधी तापवून त्यात वर सांगितलेले बदामी खोबरेल घालावे, पळीभर मिश्रण पसरावे, फक्त वरच्या आचेवर तपकिरी डाग पडेपर्यंत आठ-दहा मिनिटे भाजावे, पुन्हा चमचाभर तेल, पुन्हा पळीभर मिश्रण. सात थरांना दीड तास धरून चालावे, आणि प्रत्येक थर पूर्ण भाजल्याशिवाय पुढचा ओतू नये, नाहीतर कापताना थर वेगळे दिसत नाहीत. पूर्ण थंड झाल्यावरच कापावे.

हा पदार्थ चवीला फार चांगला होतो, आमच्या घरी तो मागून खाल्ला जातो. पण मी त्याला बेबिंका म्हणत नाही. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ज्या शेजारणींनी करवंट्यांच्या निखाऱ्यांवर थर भाजत आयुष्यभर दुपारी घालवल्या, त्यांच्या समोर बलकाविना केलेल्या पदार्थाला ते नाव देणे मला योग्य वाटत नाही. मी त्याला नारळाचे थर म्हणते.

खरेदी आणि जपणूक

पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून फसू नये. दूध असलेल्या शाकाहारी पदार्थालाही तो मिळतो. व्हीगन पदार्थांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम केले आणि त्यांची खूण हिरव्या चौकटीतले, पान फुटलेले इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर अशी आहे. ती नसेल तर घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी आणि मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज हे शब्द शोधावेत. वनस्पतीजन्य म्हणून आणलेल्या एका मार्गरीनमध्ये दुधाची पावडर आहे हे मला केक पोटात गेल्यावर कळले होते, आणि मुलीसमोर ते कबूल करताना फार वाईट वाटले. गडद चॉकलेटमध्येही दूध असू शकते. पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, पाव बहुधा मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यावरच होतो, तरी वरून काय फासले आहे हे एकदा विचारून घ्यावे. घरातल्या कोणाला दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर यादीत शब्द नसणेही पुरेसे नाही. लोणी लावलेला ब्रश, टिन आणि चाळण वेगळी ठेवावी.

ताजा नारळ असलेला केक गोव्याच्या हवेत दोन दिवसांपलीकडे बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये तो पाच-सहा दिवस टिकतो, पण खोबरेल थिजल्यामुळे कडक लागतो, म्हणून खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढावा किंवा तुकडा तव्यावर झाकून गरम करावा. जवसाची पूड लवकर खवट होते. ती थोडी थोडी दळून फ्रीझरमध्ये ठेवावी. जून ते सप्टेंबर रवा आणि मैदा हवेतला ओलावा धरतात, तेव्हा रस दोन चमचे कमी घ्यावा आणि नानकटाई पाच मिनिटे जास्त भाजून पूर्ण थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी.

वहीतले मूळ पान खोडू नये. बाथच्या पानासमोरचे पान कोरे होते, तिथे मी नवे प्रमाण ग्रॅममध्ये लिहिले आहे, ओव्हनचे तापमान आणि टिनचा आकार नोंदवला आहे, आणि समासात आईने तिच्या अक्षरात भर घातली आहे: ‘वेलची जरा जास्त, आणि रस ताज्या नारळाचाच.’